तेवीस लाल तारे आणि एक पावरी गोष्ट

प्रति,
मा. सदस्य,
डिजिटल शैक्षणिक साहित्याचे नोंदपत्रक ठरवणारी समिती

विषय: साहित्य चढवताना कोणते रकाने अनिवार्य असावेत याबाबत.
संदर्भ: शिक्षकांच्या गटांवर फिरत असलेला आपला मसुदा. एकूण रकाने ३६, पैकी अनिवार्य (ज्यांच्यापुढे लाल तारा आहे असे) २३.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आंतरजिल्हा बदलीनं इकडे येण्याआधी नऊ वर्षं नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात होते. माझ्यावर 'तंत्रस्नेही शिक्षक' असा शिक्का बसलेला आहे, त्यामुळे केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, कुणालाही व्हिडिओ, पीडीएफ किंवा चाचणी कुठेही चढवायची असली की फोन मलाच येतो. बहुतेक रात्री नऊनंतर, आणि बहुतेक उद्या शेवटची तारीख असते. तुमच्या मसुद्यातले २३ लाल तारे कुणाची झोप खाणार आहेत, ते मला आत्ताच दिसतंय.

आधी एक हकिगत सांगते.

२०२० साली शाळा बंद होत्या. आमच्या पाड्यावर पहिलीत आलेल्या मुलांना मराठी जेमतेम कळायची, घरात सगळी पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली. अंगणवाडीतल्या मदतनीस ताई गोष्टी फार रंगवून सांगायच्या. त्यांची एक कोल्ह्याची गोष्ट मी मोबाइलवर रेकॉर्ड केली, मुलांनी काढलेली चित्रं जोडली आणि सहा मिनिटांचा व्हिडिओ केला. तो एका ऑनलाइन संग्रहावर चढवायला बसले, तर 'भाषा' या रकान्यापुढे लाल तारा. यादीत मराठी होती, हिंदी, इंग्रजी, उर्दू होत्या, आणखी चार-पाच राज्यांच्या भाषा होत्या. पावरी नव्हती. 'इतर'ही नव्हतं. रकाना मोकळा ठेवला तर खालचं बटण दबत नव्हतं. मी 'मराठी' निवडलं.

पंधरा दिवसांनी राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका शिक्षकांचा अभिप्राय आला: "ताई, आवाज बिघडला आहे, शब्द कळत नाहीत, कृपया पुन्हा रेकॉर्ड करा." आम्ही पोट धरून हसलो. त्या मदतनीस ताई सगळ्यांत जास्त हसल्या.

गेल्या वर्षी मात्र हसू आलं नाही. चोपड्यातही सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा समाजाचे पाडे आहेत. माझ्या पहिलीत तिकडची चार मुलं आली आणि मला माझाच व्हिडिओ हवा झाला. 'पावरी' टाकून शोधलं, काही नाही. 'कोल्हा' टाकून शोधलं, काही नाही, कारण घाईघाईत मी शीर्षक दिलं होतं 'गोष्ट क्र. ३'. (हा दोष सर्वस्वी माझा.) शेवटी तो मिळाला तो व्हॉट्सॲपवर, कुणीतरी पुढे पाठवलेला. फाइलच्या नावात एक तारीख आणि काही अक्षरं एवढंच. व्हिडिओच्या खालच्या बाजूला तिसऱ्याच गुरुजींच्या नावाची पट्टी. गोष्ट सांगणाऱ्या ताईंचं नाव कुठेच नाही, आणि ते कधी नव्हतंच, कारण संग्रहाच्या पत्रकात 'अपलोड करणाऱ्याचे नाव' होतं, 'कोणी केले' असा रकाना नव्हता.

बघा, तिथे सगळे लाल तारे पुरे झाले होते. यंत्राच्या हिशेबी नोंद शंभर टक्के पूर्ण. रकाना अनिवार्य केला की उत्तर हमखास मिळतं, खरं उत्तर मिळेलच असं नाही.

तुमच्या मसुद्याच्या प्रस्तावनेत आंतरराष्ट्रीय मानकांचा दाखला आहे, त्यावर थोडं बोलते. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डब्लिन नावाच्या गावी एक बैठक झाली, तिच्यातून साहित्याची नोंद कशी करावी याचं 'डब्लिन कोअर' हे मानक उभं राहिलं. त्याचे पंधरा घटक: शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, दिनांक, भाषा, हक्क वगैरे. २००२ साली खास शैक्षणिक साहित्यासाठी 'लॉम' नावाचं मानक आलं. ते नऊ विभागांचं आणि फार तपशिलाचं. तुमचे 'अवघडपणाची पातळी', 'अपेक्षित अध्ययन वेळ', 'आंतरक्रियेची पातळी' हे रकाने तिथूनच आलेले दिसतात. पण या दोन्ही मानकांमध्ये एकही घटक अनिवार्य नाही. सगळे ऐच्छिक. यादी आम्ही देतो, त्यातलं सक्तीचं काय ते ज्यानं त्यानं आपलं गाव बघून ठरवावं, असा तो मामला आहे. तेव्हा 'मानकात आहे म्हणून अनिवार्य' हे मसुद्यातलं वाक्य तेवढं काढा. निर्णय मानकानं घेतलेला नाही, तो तुम्हाला घ्यायचा आहे.

माझ्या मते तो घेताना प्रत्येक रकान्याला दोन प्रश्न विचारावेत. हे उत्तर साहित्य चढवणाऱ्या माणसाला आत्ता, या घडीला, खात्रीनं माहीत आहे का? आणि त्यानं ते आत्ता नाही सांगितलं, तर नंतर कुणालाही शोधून काढता येईल का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल तिथे लाल तारा लावा. बाकी ठिकाणी नको.

या दोन प्रश्नांच्या चाळणीतून गाळलं की पुष्कळ रकाने आपोआप गळतात. फाइलचा आकार, प्रकार, व्हिडिओची लांबी, चढवल्याचा दिनांक, चढवणाऱ्याची शाळा आणि तिचा यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळखक्रमांक), हे सगळं यंत्राला ठाऊक असतं. लॉग-इन करताना दिलेला यू-डायस क्रमांक पुन्हा हातानं का टाकायचा? अकरा आकडे आहेत, एक इकडचा तिकडे झाला की साहित्य भलत्याच शाळेच्या नावावर. फाइलचा आकार मात्र नोंदीत ठळक दिसला पाहिजे. धडगावात आमच्याकडे नेटवर्क एका टेकडीवर यायचं. तिथे उभं राहून १८० एमबीचा व्हिडिओ उतरवायला घ्यायचा की १२ एमबीचा, एवढ्या एका आकड्यावर उद्याचा तास ठरायचा. तो आकडा दाखवा, पण तो माझ्याकडून भरून घेऊ नका.

'अवघडपणाची पातळी' तर काढूनच टाका. केळीच्या बागेवरचा उतारा रावेर-यावलच्या पोराला सोपा, त्याला घड, खोड, मुनवे हे सगळं घरचंच. तोच उतारा समुद्रकाठच्या मुलाला अवघड जाईल, आणि भरती-ओहोटीवरचा पाठ आमच्या पोरांना. मी काय निवडणार? 'मध्यम'. सगळेच 'मध्यम' निवडतील, आणि वर्षाअखेरीला तुमच्याकडे आलेख तयार होईल की जिल्ह्यातलं बहुतांश साहित्य मध्यम काठिण्यपातळीचं आहे. 'अपेक्षित अध्ययन वेळ' याचीही तीच गत.

आता ज्या रकान्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले तो. भाषा.

तुमच्या मसुद्यात 'माध्यम' आहे आणि 'भाषा' नाही. कदाचित दोन्ही एकच वाटले असतील. २०१७ च्या शिक्षकदिनी शालेय साहित्याचं 'दीक्षा' हे सरकारी व्यासपीठ सुरू झालं तेव्हापासून आपल्या बोटांना बोर्ड, माध्यम, इयत्ता, विषय या चौकडीची सवय झाली आहे, आणि पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून पाठाला पोचण्यासाठी ती चौकडी पुरते. पण माध्यम हा शाळेचा गुण आहे, भाषा हा साहित्याचा. माझ्या शाळेचं माध्यम मराठी. त्या शाळेत वाजणारी गोष्ट पावरीत असू शकते, अहिराणीत असू शकते. सेमीचा वर्ग घ्या. माध्यम मराठीच, पण गणिताचा व्हिडिओ इंग्रजीत, आणि समजावणारे सर मधूनच अहिराणीत म्हणतात, "आठे देख, हाऊ कोन कितना से?" ही कुठली भाषा लिहायची? तिन्ही लिहायच्या. म्हणून रकाना एकापेक्षा जास्त उत्तरं घेणारा हवा, आणि बोललेली भाषा वेगळी, पडद्यावर लिहिलेली वेगळी. उर्दू शाळेतल्या शिक्षिकेला मराठी बोललेलं चालतं, लिहिलेलं नको असतं. माझ्या पहिलीला तर लिहिलेलं काहीच नको.

यादी बनवताना तंत्रज्ञ मंडळी सहसा दोन अक्षरी भाषा-संकेतांची यादी उचलतात. त्या यादीत मराठी आहे, पण अहिराणी नाही आणि भिलीही नाही. तीन अक्षरी संकेतांच्या मोठ्या यादीत अहिराणीला स्वतःचा संकेत आहे, भिलीला आहे, मावचीला आहे, आणि पावरी तिथे 'पौरी बारेली' या नावानं सापडते. म्हणजे यंत्राची अडचण नाही, कुठली यादी उचलली एवढाच प्रश्न आहे. आणि तावडी, लेवा गणबोली, देहवाली असं काही यादीत मिळालं नाही तर आपल्या नावानं ते त्यात घाला, पण 'इतर' या गोणीत कोंबू नका. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यातली ६९ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. त्या जिल्ह्यासाठीच्या संग्रहात तिथल्या बोली 'इतर' ठरत असतील तर मुख्य काय राहिलं?

इयत्तेचा रकाना अनिवार्य ठेवा, पण त्यातही एकच उत्तर मागू नका. दोनशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी दोनच खोल्यांत बसतात, त्यांचं साहित्यही तसंच बनतं. एकच निवडायला लावलं की माणूस यादीतलं पहिलं निवडतो. माझ्या ओळखीच्या एका संग्रहात पहिलीसाठी दशांश अपूर्णांक होते.

वर्षाबद्दल मात्र माझं आग्रहाचं सांगणं आहे. मसुद्यात 'निर्मिती दिनांक' आहे आणि तो अनिवार्य आहे. दिनांक घेऊन शिक्षक काय करणार? त्याला हवं असतं ते हे, की साहित्य कुठल्या पुस्तकाला धरून आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'बावीस'च्या जोडीनं 'वीस दोन' आलं आणि केवढा गदारोळ झाला ते आठवा. त्याआधीचा संख्यावाचनाचा व्हिडिओ आणि नंतरचा व्हिडिओ, दोघांचं शीर्षक तेच, इयत्ता तीच, विषय तोच. २०२३ मध्ये पुस्तकांचे चार भाग झाले, आत कोरी पानं आली, आणि 'पान ३४ वरील उदाहरण' असं म्हणणारं सगळं साहित्य एका जूनमध्ये शिळं झालं. म्हणून साहित्य एखाद्या पाठ्यपुस्तकाला बांधलेलं असेल तर, आणि तरच, 'पुस्तकाची आवृत्ती, वर्ष' हा रकाना उघडावा आणि तिथे लाल तारा असावा. पुस्तक शिक्षकाच्या समोरच असतं, पहिली दोन पानं उलटली की वर्ष सापडतं.

'परवानगी'चा रकाना सगळ्यांत नाजूक. तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे आपलं काम इतरांना वापरू देण्याच्या खुल्या परवान्यांचे, सहा प्रकार दिलेत आणि एक आधीच निवडून ठेवला आहे. हे आधी निवडून ठेवणं बंद करा. माझ्या केंद्रातल्या पन्नाशीच्या गुरुजींनी इंटरनेटवरून वाघाचं चित्र घेऊन तक्ता केला. वर्गात वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्यापुरती सवड आहे. पण तोच तक्ता जाहीर संग्रहात ठेवून 'कुणीही वापरा, बदला, वाटा' अशी परवानगी त्यांच्या नावानं आपोआप लागते, तेव्हा त्यांनी दुसऱ्याचं घर परस्पर भाड्यानं दिल्यासारखं होतं. त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

मग रकाना काढायचा का? नाही. हा रकाना अनिवार्य हवाच, कारण चित्र कुठून आणलं ते त्या गुरुजींशिवाय कुणालाच कधी कळणार नाही. फक्त प्रश्न बदला. 'परवाना प्रकार निवडा' असं विचारू नका. 'यातलं सगळं तुम्ही स्वतः केलं आहे का?' असं विचारा. उत्तरं तीन: हो, काही भाग दुसरीकडून घेतला (कुठून ते लिहा), नक्की माहीत नाही. पहिल्या उत्तराला पुढे परवाना विचारा. तिसऱ्या उत्तराचं साहित्य परत पाठवू नका. ते शिक्षकांपुरतं आत ठेवा, जाहीर करू नका. उत्तर देणं सक्तीचं करा, माहीत असणं सक्तीचं करू नका.

'माहीत नाही' हे उत्तर सरकारी पत्रकात शोभत नाही असं तुमच्यापैकी कुणाला वाटेल. मी धुळ्याला डी.एड.ला असताना समर्थ वाग्देवता मंदिरातली जुनी हस्तलिखितं पाहायला गेले होते. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक थोडक्यात नोंद करीत: शक, संवत्सर, तिथी, गाव, लिहिणाऱ्याचं नाव, कुणासाठी लिहिलं. पाच-सहा रकाने. आणि त्याखाली पुष्कळदा तो ठरलेला श्लोक: यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया. जसं समोर होतं तसं उतरवलं, शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नका. मूळ प्रत बरोबर होती की नाही ते मला ठाऊक नाही, असं त्यानं लिहून ठेवलं, म्हणून आज पाठ तपासणारे सावध राहतात. त्याच्या लेखणीपुढे लाल तारा असता तर त्यानंही 'शुद्ध' असं लिहून मोकळं व्हायला कमी केलं नसतं.

तुमच्या ३६ रकान्यांत नसलेला एक रकाना मात्र मला हवा आहे, आणि तो अनिवार्य हवा. 'यात मुलांचे चेहरे, नावं किंवा आवाज आहेत का? असल्यास पालकांची संमती घेतली आहे का?' शाळेतल्या कृतीच्या व्हिडिओत मुलं असणारच. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, पाड्यावरच्या एका आईनं मला विचारलं होतं, "बाई, माझ्या पोरीचा फोटो कुठे-कुठे गेला?" तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं.

'शोधशब्द किमान पाच' हा लाल तारा माझ्या हातून शंभरदा भरला गेला आहे, म्हणून सांगते: पाच म्हटलं की लोक लिहितात 'गणित, मराठी, छान, व्हिडिओ, शिक्षण'. त्याऐवजी शीर्षकाखाली बारीक अक्षरांत एक नमुना द्या. 'पाठ ५' असं नको, 'काठीच्या सावलीवरून दिशा ओळखणे' असं हवं. शीर्षक चांगलं असेल तर शोधशब्दांचं निम्मं काम तिथेच होतं. बाकीचं तालुक्याच्या साधनकेंद्रातल्या कुणीतरी सवडीनं करावं, 'अपूर्णांक' आणि 'अपुर्णांक' एकत्र आणावेत. शीर्षकात जुन्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला की काय होतं तेही बघून ठेवा. टाइप केलेलं असतं मराठी, आणि पडद्यावर उमटतात कंस आणि उद्गारचिन्हं. तो रकाना युनिकोड सोडून दुसरं काही घेणारच नाही अशी सोय करा. आणि पीडीएफ म्हणजे नुसता फोटो आहे की त्यातली अक्षरं वाचन-सॉफ्टवेअरला वाचता येतात, ते यंत्रानंच तपासून नोंदीत लिहावं. दृष्टिहीन शिक्षकाला डाउनलोड केल्यावर कळण्यात काय अर्थ आहे?

माझ्या हिशेबानं लाल तारे सात होतात: शीर्षक, इयत्ता, विषय, भाषा, कोणी केलं, स्वतःचं की घेतलेलं, मुलं दिसतात का. आठवा पुस्तकाच्या आवृत्तीचा, तोही लागू असेल तेव्हाच. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकल्यावर मुलाला काय यायला हवं ते, मी यात धरली नाही, हे काहींना खटकेल. मलाही थोडं खटकतं. पण निष्पत्तीची यादी समोर उघडून योग्य ती निवडायला मला दहा मिनिटं लागतात, आणि ज्यांना निवडायची घाई असते ते पहिलीच निवडतात. ते काम विषयतज्ज्ञ नंतर जास्त चांगलं करतील. साहित्य समोर असलं की निष्पत्ती कुणालाही ठरवता येते. गोष्ट कुणी सांगितली ते मात्र साहित्य कितीही वेळा पाहिलं तरी ठरवता येत नाही.

माझं ऐकू नका हवं तर. येत्या शिक्षण परिषदेत कुठल्याही एका केंद्रावर या. दहा शिक्षक, प्रत्येकाच्या मोबाइलमधलं एक साहित्य, तुमचं ३६ रकान्यांचं पत्रक आणि एक घड्याळ. कुठल्या रकान्यावर बोट थबकतं आणि कुठल्यावर न वाचता पहिला पर्याय दाबला जातो, एवढंच शेजारी बसून लिहून घ्या. चहा आमच्याकडून. दुपारपर्यंत थांबलात तर वरण-बट्टीही.

या पत्राचं उत्तर गटावर अंगठा दाखवून देऊ नये ही विनंती. कागदावर द्यावं, जावक क्रमांक आणि दिनांक घालून. मला ते फाइलला लावायचं आहे.

आपली विश्वासू,
एक तंत्रस्नेही शिक्षिका
चोपडा तालुका, जि. जळगाव